हातभर पुढे

आज माझी विद्यार्थिनी मीरा पहिल्यांदाच एकटीने विमान उडवणार होती. मी गवतात उभा राहून पाहत होतो. धावपट्टीवर जाण्याआधी पिवळ्या रेषेअलीकडे थांबून परवानगी घ्यायची असते. तिचं पुढचं चाक रेषेच्या हातभर पुढे थांबलं.

गेल्या आठवड्यात तिने विचारलं होतं, "सर, रेषा ओलांडली ना आपण?"

"अगं, हातभराने काय होतंय? इथून उतरणारं विमान नीट दिसतं."

वर्षानुवर्षं मी असाच थांबत आलो. शिकवलेलं मुलं विसरतात, सवय तेवढी उचलतात. माझ्या हाताखालून गेलेले सगळे आता कुठे कुठे थांबत असतील?

उतरणाऱ्या विमानाची सावली तिच्या पंखावरून सरकली. मीराने काचेतून मला हसत अंगठा दाखवला.