शिऱ्याची सांगादिल

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी डाळीला फोडणी देत होते. फोनवरच्या डॉक्टरीणबाई सावकाश, सोप्या डचमध्ये बोलत होत्या; माझ्या उच्चारांवरून त्यांनी अंदाज बांधला असावा. तुमचे भाऊ गेले, त्रास न होता गेले, असं त्या म्हणाल्या. मी "धन्यवाद, तुमचा दिवस चांगला जावो" म्हणून फोन ठेवला. इथं फोन ठेवताना असंच म्हणतात, सवयीनं तोंडातून निघून गेलं. मग मोहरी जळायला नको म्हणून गॅस बंद केला आणि नवऱ्याला मेसेज केला. मी कोरोना पॉझिटिव्ह असल्यामुळे खाली एकटी राहत होते, अनिरुद्ध आणि आमची लेक ईरा वरच्या मजल्यावर. "शिरीष गेला. डाळ झाली आहे." असा तो मेसेज. अजून फोनमध्ये आहे. मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. मी जिन्यावर दोन ताटं ठेवून आले आणि ओटा पुसला.

शिरीष माझ्या पाठचा भाऊ. आईवडील गेल्यावर त्याला रागवायचं खातं पूर्णपणे माझ्याकडं आलं, आणि मी ते मनापासून सांभाळलं. मी इथं हॉलंडमध्ये, वाखनिंगनच्या लॅबमध्ये अन्नातल्या जंतूंवर काम करते, त्यामुळे घाण, अस्वच्छता आणि शिऱ्या या तीन विषयांवर मी न थांबता बोलू शकते असं अनिरुद्ध म्हणतो. शिऱ्या आधी एनस्खेडेला आला, उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करायला शिकायला. त्यातूनच त्याला फिलिपिन्सच्या उत्तरेकडच्या डोंगरात पाठवलं, भातखाचरांच्या दरडी मोजायला. पोरगं दरडी मोजायला गेलं आणि मुंडकी घेऊन परत आलं... म्हणजे मुंडक्यांचा विषय घेऊन. पूर्वी तिथले डोंगरातले लोक शत्रूचं डोकं कापून आणत, आणलेल्याच्या छातीवर गोंदण चढे, गावात मान मिळे. शिऱ्यानं चांगलं चाललेलं इंजिनियरिंग गुंडाळलं आणि लायडनला जाऊन या लोकांच्या गोंदणावर आणि मरणाच्या रीतींवर अभ्यास सुरू केला. मी फोनवर तासभर ओरडले. तो म्हणाला, "ताई, झालं? आता जेवायला काय केलंयस ते सांग."

दिवाळीला मराठी मंडळी एका हॉलमध्ये जमतात, तिथं त्याचं नाव 'मुंडकेवाले' पडलं होतं. फराळाची प्लेट हातात घेऊन कुणीतरी विचारणारच, "काय मग, यंदा किती मिळाली?" तो हसायचा. एकदाच वैतागून म्हणाला, "तोडणाऱ्याचंच सगळे विचारतात. ज्याचं तोडलं त्याच्या घरी काय व्हायचं, ते विचारा ना कुणीतरी." कुणी विचारलं नाही, चकल्या गरम होत्या. परतताना गाडीत त्यानं मलाच सांगितलं. आपल्या मरणानं मेलेल्या माणसाचं तिथं फार करतात, दिवसेंदिवस करतात. पण डोकं गेलेल्याचं जुन्या काळी काही गावांत काहीच करत नसत. घाईघाईनं, गावाबाहेर पुरून मोकळे. "कारण त्याच्याशी बोलणार कसं?" शिऱ्या म्हणाला. "ऐकायला कान कुठायत?" हे त्याचं स्वतःचं अनुमान होतं, असंही त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं.

एकदा तिकडून आला तो दंडावर काळी नक्षी घेऊन. एका म्हातारीनं काट्यानं टोचून, काजळी भरून काढलेली. मी तर उडालेच. "अरे गाढवा, काटा उकळला होता का तिनं? काजळी कुठल्या भांड्याची? आधी फॅमिली डॉक्टरकडं जाऊन रक्त तपासून ये!" त्यानं शांतपणे बाही वर केली. नीट बघितल्यावर मला दिसलं, त्या परक्या रेघांच्या खाली कोपराजवळ तुळशीचं वृंदावन होतं. आमच्या आईच्या हातावर होतं तसंच, टिंब न टिंब. आई म्हणायची, बाकी सगळं इथंच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं. "ती म्हातारीही डिट्टो हेच म्हणाली," शिऱ्या म्हणाला. "पलीकडचे लोक गोंदणावरून ओळखतात म्हणे. नाहीतर आत घेत नाहीत. मी म्हटलं, मग आमच्या आईला ओळखू येईल असं एक काढ." मी तरीही त्याला रक्त तपासायला लावलंच. रिपोर्ट चांगला आला.

त्या डोंगरातलीच लुर्देस नावाची एक बाई लायडनच्या वृद्धाश्रमात काम करते. शिऱ्या तिच्याकडून तिची भाषा शिकायचा. ती मला 'ताई' म्हणते, कारण शिऱ्याच्या तोंडून ऐकून तिला ते माझं नावच वाटलं, आणि आम्ही कधी दुरुस्त केलं नाही. शिऱ्यानंही तिच्या भाषेत असाच घोळ घातला होता. तिच्या गावी माणूस गेला की त्याला अंघोळ घालून, चांगले कपडे नेसवून दाराशी एका उंच लाकडी खुर्चीत बसवतात, पडू नये म्हणून वेलींनी बांधतात. त्या खुर्चीला 'सांगादिल' म्हणतात. लोक येतात, समोर बसतात आणि त्याच्याशी बोलतात. गातात, गावातल्या बातम्या देतात, भांडण राहिलं असेल तर भांडतात. नंतर पोटातल्या बाळासारखं दुमडून पेटीत ठेवतात आणि पेटी कड्यावर टांगतात. शिऱ्यानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला वाटलं 'सांगाडा'. कित्येक दिवस तो लुर्देसला सांगाड्याबद्दल प्रश्न विचारत होता आणि ती बिचारी खुर्चीबद्दल उत्तरं देत होती. घोळ उलगडल्यावर तो हसत हसत माझ्याकडं आला. "ताई, सांगाडा नाहीच! सांगा! जे काय असेल ते सांगा! आपण सांगलीचे, आपल्याला पहिल्यांदाच कळायला हवं होतं." मग पोटभर जेवून म्हणाला, "तू तिथं जन्मायला हवी होतीस बघ. मेलेल्यालासुद्धा रागवायची सोय आहे."

दुसऱ्या वर्षीच्या लॉकडाउनमध्ये घरात एकच पाहुणा चालायचा, आणि मी तोही घेत नव्हते. जंतूंबरोबर नोकरी करणाऱ्या बाईला कुणी समजावायला जाऊ नये. शिऱ्या आला की मी त्याला बागेत, स्वयंपाकघराच्या दाराबाहेर बसवायची. एक जुनी लाकडी घडीची खुर्ची होती, ती त्याची. मी उंबऱ्याच्या आत, तो बाहेर, अंगावर माझी शाल घेऊन. शेवटचा आला तेव्हा मी डब्यातून पोहे दिले. तो डबा कधी परत आणत नसे. माझे निम्मे डबे लायडनला होते. नवाच्या आत घरात असायला हवं, संचारबंदी होती, म्हणून मी त्याला लवकर पिटाळला. गेटमधून सायकल काढताना नेहमीसारखं ओरडले, "पोचलास की सांग!" तो वळून म्हणाला, "सांगतो गं, सांगादिलबाई." एडेच्या स्टेशनपर्यंत सायकल, मग उत्रेख्तला गाडी बदलून लायडन, फार लांब नाही. पण हा माणूस पोचल्यावर आधी चहा करणार, पुस्तक उघडणार, आणि मी जागी, फोन उशाशी. उशिरा कधीतरी मेसेज आला. "पोचलो. पोहे तिखट होते. डबा तुला मिळणार नाही." त्याचा मला आलेला तो शेवटचा धड मेसेज. नंतर साधा ताप आहे, साधा ताप आहे, असं दोनतीनदा आलं, आणि मग हॉस्पिटलचेच फोन.

मी क्वारंटाइनमध्ये होते, त्यामुळे अंत्यसंस्कार लॅपटॉपवर बघितला. पासवर्ड टाकून. कॅमेरा मागच्या भिंतीवर होता, त्यातून लोकांच्या पाठी दिसत होत्या आणि पुढं मिटलेली पेटी. खुर्च्या लांब लांब मांडलेल्या. त्याच्या विभागातले एक प्राध्यापक चांगलं बोलले असावेत, आवाज तुटत होता. लायडनमधल्या एका मराठी जोडप्यानं घरच्या कुंडीतली तुळस आणून पेटीवर ठेवली. मी टक लावून बघत होते आणि डोक्यात एकच किडा वळवळत होता, की याचं डोकं कुठल्या बाजूला आहे? कान कुठल्या बाजूला आहेत? मला काहीतरी म्हणायचं होतं, पण कुठं तोंड करून म्हणायचं ते कळेना. तेवढ्यात पडदा सरकला आणि स्क्रीनवर प्रक्षेपण संपल्याचं आलं. ईरानं जिन्यावरून डचमध्ये विचारलं, आई, झालं का? मी म्हटलं, झालं.

त्यानंतरचे आठवडे मी अगदी व्यवस्थित होते. लॅबमध्ये जात होते, ऑनलाइन मीटिंगा करत होते, सांगलीहून नातेवाइकांचे फोन येत ते घेत होते. सगळे म्हणत, मोकळी हो, रडून घे. मी हो हो म्हणायची. खरं म्हणजे आत काही हलतच नव्हतं. घरात मी कुणावर आवाजसुद्धा चढवला नाही, आणि त्याचीच अनिरुद्धला जास्त भीती वाटायला लागली. ईरा ओला टॉवेल सोफ्यावर टाकून माझ्याकडं बघत उभी राहायची, मी ओरडेन म्हणून. मी टॉवेल उचलायची. बागेतली खुर्ची तशीच बाहेर होती, पावसानं तिच्यावर हिरवं शेवाळ धरलं. अनिरुद्ध म्हणाला, आत आणू का? मी म्हटलं, नको. का नको, ते मलाही सांगता आलं नसतं.

मग लुर्देसचा फोन आला. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना धोका नको म्हणून तीही अंत्यसंस्काराला गेली नव्हती. तिनं कसे आहात वगैरे विचारलंच नाही. एकदम म्हणाली, "ताई, त्याला कुणी सांगितलं का?"

"काय सांगितलं?"

"तो गेलाय हे. त्याच्या भाषेत कुणी सांगितलं का?"

मी म्हटलं, नाही.

"मग तो बसून राहिला असेल," ती म्हणाली. "माझी आजी म्हणायची, सांगितलं नाही तर त्याला कळत नाही. बसूनच राहतो."

लस मिळाल्यावर ती दुपारच्या गाडीनं आली. मी तिला आत बोलावलं, पण ती थेट बागेत गेली. कुठली खुर्ची, हे तिला दाखवावं लागलं नाही. स्वतःसाठी कुंडी उपडी करून ती समोर बसली आणि चक्क बोलायला लागली, आधी तिच्या भाषेत, मग मला कळावं म्हणून डचमध्ये. शिऱ्याला तिनं चांगलं फैलावर घेतलं. एवढी वर्षं शिकून उच्चार सुधारले नाहीत, नव्या वर्षाला जेवायला येतो म्हणून आला नाही, तिच्या गावचा उरलेला तांदूळ आता तिनं एकटीनं खायचा का? बोलताना ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेजारचे डच आजोबा कुंपणापलीकडून बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती थांबली आणि माझ्याकडं वळली. "आता तुम्ही."

"मला जमणार नाही."

"राग असेल ना? आधी तो काढा."

मी उंबऱ्यावरच उभी होते. पुढं गेले नाही. "शिऱ्या," अशी हाक मारली. मग म्हटलं, "माझे डबे कोण परत आणणार?" एवढं बाहेर पडलं आणि पुढचं धाडकन आलं. "ताप साधा होता म्हणे! तू काय डॉक्टर? मी इथं आयुष्यभर जंतू बघते आणि तू मला सांगतोस साधा ताप? पहिल्याच दिवशी फोन करायला काय झालं होतं, मूर्खा? एक माणूस होतं मला इथं हक्काचं... एक!" आजोबा घरात निघून गेले. अनिरुद्ध आणि ईरा खिडकीत येऊन उभे राहिले. मी शेवाळलेल्या लाकडाशी भांडत होते आणि थांबता येत नव्हतं. शेवटी दम संपला. मग हळू आवाजात म्हटलं, "शिऱ्या, तू गेलास रे. तुला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. तू गेलास. आई असेल बघ तिथं कुठंतरी, दंड दाखव तिला."

लुर्देसची गाडीची वेळ झाली. ती कोट चढवून उठली, खुर्चीच्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि गेटकडं निघाली. तिच्यामागून मी सवयीनं ओरडले, "पोचल्यावर सांगा!" आणि मग परत वळले, कारण दुसरं कुणीतरी निघायचं बाकी होतं. "आणि तू," मी खुर्चीला म्हटलं, "पोचलास की सांग." तेव्हा मला रडू आलं. उंबऱ्यात बसून मी इतकी रडले की ईरा धावत आली आणि कधी नव्हे ते मराठीत म्हणाली, "आई, ऊठ ना गं."

खुर्ची आता आत आणली आहे. धुऊन, पुसून स्वयंपाकघरात ठेवली आहे, कुणीही बसतं तिच्यावर. ईराचा ओला टॉवेलही तिच्यावरच असतो आणि मी ओरडते. फोन तेवढा रात्री बंद करत नाही. शिऱ्याचा मेसेज नेहमी उशिराच यायचा.