सुरुंगाखालचं तळं

माझ्या सासऱ्यांइतका दगडांवर जीव टाकणारा माणूस मराठवाड्यात झाला नाही आणि होणारही नाही. आम्ही सुना त्यांना मामा म्हणायचो. बेंबळीच्या शाळेत ते विज्ञान शिकवत. मला पाहायला माकणीला आले, तेव्हा पोहे निवून गेले तरी हे आमच्या अंगणातल्या धुण्याच्या दगडापुढं उकिडवे बसलेले. माझ्या वडिलांना वाटलं, स्थळ हातचं गेलं. "मुलगी पसंत हाय हो," मामा मान वर न करता म्हणाले, "पण हा दगड कुठला?" रस्त्यात सापडलेला खडा ते आधी जिभेला लावून बघत, फार जुनं हाड असलं तर ते जिभेला चिकटतं म्हणे. सासूबाई म्हणायच्या, "आमच्यात कालवण अळणी झालं तरी यांना कळत न्हाय. दिवसभर दगडं चाटत्यात!"

त्यांचं म्हणणं, आपला काळा पाषाण एका दमात झालेला नाही. भुईतून तापलेला रस उतू आला, थिजला. मग युगंच्या युगं शांतता. वर तळी साचली, झाडं उगवली, जीव नांदले. पुन्हा रस आला आणि सगळं झाकून गेला. "दोन भाकरींत चटणी दडावी, तसा तो काळ दडलाय," ते सांगत.

बहात्तरच्या दुष्काळात वस्तीजवळ सरकारी विहिरीचं काम निघालं. काळ्या खडकाखाली राखी रंगाचा मऊ थर लागला आणि मामांची झोप उडाली. एके दिवशी मुकादमानं सुरुंगांना बत्ती दिली. धडाधड आवाज झाले, धूर निवळला. एक सुरुंग मात्र उडाला नव्हता. आम्ही सगळे लांब उभे, आणि मामा विहिरीत उतरलेले!

"मास्तर, वर या! एक राहिलाय अजून!" मुकादम ओरडला.

"आलोच. एवढा शंख निघू द्या. उडाला तर पीठ होईल त्याचं."

खालून छिन्नीची टकटक. सासूबाईंनी पदर तोंडात कोंबलेला. मी पोटुशी होते. तशीच काठाशी गेले. मामांपुढं मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते.

"मामा, तुमी न्हाय आलात तर मी खाली उतरते!"

टकटक थांबली. ते भराभरा वर आले, माझ्या दंडाला धरून पळाले. आम्ही बांधाआड पोचतो न पोचतो, तोच जमीन हादरली. डोक्यावर माती पडली.

धुरळा खाली बसला. मग त्यांनी मूठ उघडली. आत दगड झालेला, बोराएवढा गोगलगायीचा शंख होता.

"तळं होतं गं इथं," ते हळूच म्हणाले. "पाणी होतं."

रिकामी भांडी घेतलेल्या बाया बघत राहिल्या. कुणी हसलं नाही.

पुढं विहिरीला पाणी लागलं. दगडी बांधकाम झालं आणि तो राखी थर त्यामागं गेला. मामा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. अजून कधी पोहरा सोडते, तेव्हा त्या थराशी आला की माझा हात आपोआप सावकाश होतो.