मी शरणार्थी नाही, आजी

देव आहे की नाही यावर मी कधी वाद घातला नाही. त्याच्यावर भार टाकणं मात्र जमलं नव्हतं. मधुमेह झाल्यापासून तर प्रत्येक घास मोजूनमापून. त्यामुळे यंदा ज्वारी काढणीच्या दिवसांत सायकलला पिशव्या बांधून आडवाटेनं अक्कलकोटला दर्शनाला जायचं आणि माळावरून फिरत सोलापूरला परतायचं ठरवलं, तेव्हा बायको म्हणाली, "देवाकडं निघालाय की त्याची परीक्षा घ्यायला?" तरी तिनंच खडीसाखरेची पुडी पुढच्या पिशवीत कोंबली. रक्तातली साखर एकदम उतरली तर तेवढाच आधार.

दर्शन छान झालं. परतताना मात्र वाट सगळी दगडाधोंड्यांची होती. एका अंगाला ज्वारी, दुसऱ्या अंगाला करडई, आणि माणूस औषधालाही नाही. दुपारी हात थरथरू लागले, घाम फुटला, डोळ्यांपुढं अंधारी आली. लक्षणं ओळखीची होती. पिशवीत हात घातला तर चेन उघडी आणि पुडी गायब. मोबाईलला रेंज नव्हती. आता आपण इथंच पडणार, या विचारानं मी फार घाबरलो. सायकल रेटत पुटपुटलो, "देवा, आता तूच बघ."

वळणावर कडब्याच्या गंजीमागं एका घराची वस्ती होती. दारात कपाळभर विभूती लावलेली म्हातारी ज्वारी पाखडत होती. मी कसेबसे हात जोडले. तिनंही जोडले आणि म्हणाली, "शरणु, शरणार्थी."

आता माझा स्वभाव बघा. जीव जायची वेळ, आणि मला राग आला. सायकलवरचं बिऱ्हाड बघून ही मला निर्वासित समजली. "मी शरणार्थी नाही, आजी. सोलापूरचा आहे," असं म्हणत मी ओट्यावर मटकन बसलो. ती सूप ठेवून आत गेली आणि लगेच बाहेर आली.

"बरं, सोलापूरचा तर सोलापूरचा. आदी ह्ये खा, मग भांड की."

तिच्या एका हातात पाण्याचा तांब्या होता, दुसऱ्यात गुळाचा मोठा खडा. मी काही मागितलं नव्हतं. माझा आजार तिला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. उन्हातून आलेल्याला तिथं नुसतं पाणी देत नाहीत, एवढंच.

गूळ विरघळला तसतसं जग जागेवर आलं. थरथर थांबल्यावर मी तिच्या पाया पडलो, तेव्हा ती हसत म्हणाली, "आमच्यात नमस्काराला आसंच म्हणत्यात. तुज्यात जो द्येव हाय त्येला मी शरण. तुला न्हाय, तू लई भांडखोर हायस."

घरी हे सांगितल्यावर बायको पोट धरून हसली, मग डोळे पुसत देवापुढं गुळाचा खडा ठेवून आली. याला चमत्कार म्हणावं का, मला माहीत नाही. ज्या शब्दावर मी चिडलो, तोच त्या घडीला माझ्याविषयी खरा होता. हल्ली सकाळी हात जोडतो तेव्हा फार काही मागत नाही. एवढंच म्हणतो, शरणार्थी आहे, सोलापूरचा.