काचेला लावलेला रुमाल

दुसऱ्यांच्या धर्माबद्दल मी लिहावं, हे जरा धाडसच आहे. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला, आणि चर्चविषयी मला शेजाऱ्याला असते तेवढीच माहिती. चुकलं तर माफ करा.

अंधेरीच्या गावठाणात आमच्या शेजारी राहणाऱ्या आंटी कॅथलिक, आम्ही बौद्ध. आंटींच्या मानेवर गाठ आली होती. तिचा तुकडा तपासायला गेला होता आणि सगळे रिपोर्टची वाट बघत होतो. त्याच रविवारी चर्चमध्ये एका संताच्या हाडाचा कण दर्शनाला आला. त्याच्या पेटीच्या काचेला रुमाल लावला की रुमालही पवित्र होतो, अशी त्यांची श्रद्धा. आंटींना रांगेत उभं राहवेना, म्हणून त्यांनी मला पिटाळलं.

"पण मी चालेन का?"

"रुमाल माझा हाय ना? तू फक्त ने."

पप्पा म्हणाले, "जा रे. अस्थींना वंदन आपणही करतो."

चर्चमध्ये रांगेतल्या पुढच्या बाईंचं बघून मीही गुडघा टेकला. मागून कुणीतरी कुजबुजलं, "उजवा, यार, उजवा!" मी गडबडीत दोन्ही टेकले. रुमाल काचेला लावला, जपून घरी आणला आणि टेबलावर ठेवून अंघोळीला गेलो.

बाहेर येतो तर रुमाल दोरीवर! आईने साबण लावून चांगला घासला होता.

"तुझ्या घामाने कळकट झालेला. लोकांची वस्तू अशी परत देतात होय?"

मी सगळं सांगितलं तशी ती मटकन खाली बसली. "वाट लागली रे. आता रिपोर्ट वाईट आला म्हणजे?"

शेवटी तिनेच रुमालाला इस्त्री केली आणि आंटींकडे जाऊन खरं काय ते सांगून टाकलं. आंटींनी रुमाल उजेडात धरला.

"अगो, विकत घेतला तवाही एवढा पांढरा नव्हता! आणि आशीर्वाद म्हणजे काय कालवणाचा डाग हाय, साबणाने जायला?" म्हणत त्यांनी तो मानेला गुंडाळला.

आईचं समाधान झालं नाही. "ते हाड परत कधी येणार, विचार ना जरा," असं ती मला रोज म्हणायची. आंटींसमोर मात्र हसून बोलायची.

मग एका दुपारी लायब्ररीत असताना तिचा फोन आला. मी धावत जिन्यात गेलो. आधी नुसते हुंदके.

"आई, बोल ना!"

"साधी आहे रे," ती म्हणाली. "गाठ साधी आहे."