डोहाळजेवणाचा फोन

आज दुपारी नारायण पेठेत आईकडे मटार सोलत बसले होते. फोन वाजला, तो स्पीकरवर टाकला.

"अभिनंदन मॅडम! सातवा महिना लागला ना? डोहाळजेवणाच्या सजावटीवर ऑफर आहे. फुलांचा झोपाळा, फोटो, सगळं आमच्याकडे."

आईचे हात थांबले.

माझं बाळ तिसऱ्या महिन्यातच गेलं. तीन महिने पुरे झाल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही, ही आईचीच शिकवण. म्हणून तिलाही सांगितलं नव्हतं, आणि नंतर सांगण्यासारखं काही उरलंच नाही. माहीत होतं ते नवऱ्याला, डॉक्टरांना आणि मोबाईलमधल्या गरोदरपणाच्या अ‍ॅपला. ते अ‍ॅप मी त्याच आठवड्यात काढून टाकलं होतं.

"माझी माहिती तुम्हाला दिली कुणी?"

"सिस्टीममध्ये दिसतेय मॅडम. आपणच भरलीय."

खरंय. अ‍ॅपमध्ये 'सहमत' मीच दाबलं होतं. अ‍ॅपवाल्यांनी माहिती विकली, यांनी वर अभिनंदनही केलं. केवढी ही आपुलकी! मैत्रिणींनो, बाळ गेल्याचं यांच्या सिस्टीमला कळवायचं कुठे, तेवढं सांगा.

मी फोन कट केला. आईने हातातली शेंग खाली ठेवली. मग हळूच म्हणाली,

"अगं, परक्या माणसांना माहीत होतं, आणि मला नाही?"