जुन्या बाजारातला पाळणा

अन्याय झाला तो माझ्या अक्कावर. १९७८ सालच्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी साडेनऊच्या सुमाराला, सांगलीत हळदीच्या पेठेमागच्या बोळात, तिच्याच दारात. तिच्या सासूनं आणि शेजारच्या दोघींनी तिचा सगळा संसार बाहेर काढून ढीग घातला. अपशकुनी म्हणून. अक्काचा नवरा, आमचे दाजी, पायरीवर उभे राहून बघत होते. चूक सासूची आहे, दाजींची आहे, पण सगळ्यात मोठी माझी आहे. म्हणून लिहितोय.

ते घर म्हणजे दोन खोल्या. दाजी माधवनगरच्या कापडगिरणीत कामाला. लग्नात आम्ही पलंग-कपाट दिलं नाही. देण्याघेण्याविरुद्ध मी तेव्हा साताऱ्यात पत्रकं काढत होतो, भिंतींना खळ लावत हिंडत होतो. नव्या वस्तूंचा थाट म्हणजे गरिबाच्या मानेवर सुरी, असं माझं म्हणणं. माझं म्हणणं कागदावर होतं. अक्कानं ते हातांनी करून दाखवलं.

हळदीची फाटकी पोती तिनं कृष्णेवर नेऊन धुतली. तीनतीनदा धुऊनही पिवळेपणा गेला नाही. मग तिनं तो जाऊच दिला नाही. पोती उसवून, दुहेरी शिवून जमिनीवर अंथरली. गिरणीतून वाया गेलेले काठ दाजी आणायचे, त्यांचे पडदे झाले. चहाची खोकी एकावर एक रचून मांडणी झाली. आणि एका न्हाव्यानं दुकान बंद करताना काढून टाकलेली लाकडी खुर्ची तिनं पोटाशी धरून आणली होती, मान टेकायच्या उशीसकट. दाजी खुर्चीत बसले की अक्का हातात लाटणं घेऊन विचारायची, "काय पावनं, दाढी का कटिंग?"

"आदी पानी तापव," दाजी म्हणायचे. "गार पान्यानं दाढी करनारा न्हावी आमाला चालत न्हाई."

दुपारी दारातनं ऊन आलं की सगळी खोली पिवळी व्हायची. त्या घरात मला जितकं बरं वाटलं तितकं कुठल्याच सभेत वाटलं नाही.

त्या वर्षी फाल्गुनात अक्का आमच्याकडं, साताऱ्याजवळच्या गावी, बाळंत झाली. मुलगी झाली. लेकीला सासरी पोचवताना माहेरानं पाळणा द्यायचा असतो. आमच्याकडं तो नवा देत नाहीत. ज्या घरात लेकरं जगली, वाढली, त्या घरातला मागून आणायचा. त्या घरच्या बाईची ओटी भरायची आणि पाळणा उचलायचा. पलूसच्या मामांकडं पाच पोरं त्याच एका पाळण्यात मोठी झालेली. आईनं मला खण-नारळ देऊन सांगितलं, "पलूसला जा आन् घिऊन ये."

मी गेलो नाही. पलूसला जायचा कंटाळा आला, हे खरं. तत्त्व नंतर सुचलं. साताऱ्याच्या जुन्या बाजारात एक पाळणा दिसला, सागवानी, चार कोपऱ्यांवर रंगवलेले चार पोपट, त्यातल्या एकाला चोच नाही. घेतला. आईला सांगितलं, मामांचा आहे. खण-नारळ बाजारातल्या म्हातारीला देऊन टाकला. फक्त अक्काला खरं सांगितलं. ती पाळण्याला तेल चोळत होती.

"मग कुनाचा हाय रं ह्यो?"

"काय ठाऊक. कुणाचा का असेना. लाकूड ते लाकूड."

तिनं बिनचोचीच्या पोपटावरून तेलाचा बोळा फिरवला. मग सासूची आठवण होऊन हसली. "आत्याबाईंस्नी सांगू नगंस मातूर. मामाचाच म्हन. म्हातारीच्या जिवाला घोर नगं."

तेवढंच तिनं मागितलं होतं.

एसटीच्या टपावर पाळणा घालून आम्ही सांगलीला गेलो. सासूला मी सांगितलं, मामांचा आहे, पाच पोरं यातच वाढली. सासूनं पोपट मोजले, पाळण्याला हळदकुंकू लावलं, स्वतःच्या जुन्या लुगड्याची मऊ दुपटी आत अंथरली. नातीवर तिचा जीव होता. हे मी लपवणार नाही.

आषाढात मी नवं पत्रक काढलं. अक्काच्या घराबद्दलच. नाव घातलं नाही, पण पोत्यांची चटई, न्हाव्याची खुर्ची, सगळं घातलं. शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं की या घरातलं बाळ जुन्या बाजारातल्या, कुणाचा ते ठाऊक नसलेल्या पाळण्यात खुशाल झोपतं, तेव्हा रूढी सोडा. मला ती ओळ फार आवडली होती. ते पत्रक मी स्वतः माधवनगरला गिरणीच्या फाटकावर वाटलं. गिरणीतल्या लोकांना खुर्ची ओळखायला वेळ लागला नाही. दाजींच्या जोडीदारानं ते त्यांच्या खिशात कोंबलं, "घे गड्या, तुज्या घराची जाहिरात आलीया." दाजींनी घरी आणलं. सासूला वाचता येत नव्हतं. शेजारणीच्या पोरीनं वाचून दाखवलं.  सासूनं पाळण्यातली आपली दुपटी तेवढी काढून घेतली.

श्रावण लागला. नदीला गढूळ पाणी, नळाला तेच. बोळात जुलाबाची साथ आली. पोर दोन दिवसांत गेली.

मी पोचलो तेव्हा तिला पुरून तिसरा दिवस होता आणि ढीग दारात पडला होता. पडदे, खोकी, चटया, वर उलटी खुर्ची. पाळणा कुऱ्हाडीनं फोडलेला. अक्का उंबऱ्यात बसली होती. तिचा पान्हा अजून आटला नव्हता, चोळी भिजली होती, आणि कुणाला ते दिसत नव्हतं.

मी ओरडलो. पाण्यानं झालंय म्हणालो. शेजारच्या दोन्ही घरांत लेकरं आजारी आहेत, त्यांचे पाळणे तर ओळखीच्या घरचे आहेत ना?

"ती जगली न्हवं?" सासू म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "आवं पावनं, तुमीच लिवलंय. कुनाचा ठावं न्हाई म्हून. कुनाचं मेल्यालं लेकरू निजलं आसंल त्यात, तुमाला ठावं हाय? मला पाच लेकरांचा म्हून सांगितलासा. माज्या हातानं कुकू लावलं मी त्याला."

  पाळण्यानं लेकरू मरत नाही, हे मी कुठंही छातीठोक सांगेन. पण मी तिच्याशी खोटं बोललो होतो आणि खरं छापून मिरवलं होतं. खोटं बोलणाऱ्याच्या तोंडून पाण्याची गोष्ट कोण ऐकणार?

दाजींना म्हटलं, तुम्ही तरी बोला. ते म्हणाले, "घिऊन जावा तिला थोडं दिस." आणि आत गेले.

 कऱ्हाड सोडल्यावर एसटीत अक्का खिडकीकडं तोंड ठेवूनच म्हणाली, "लय लिवतोस रं. मला इचारलं व्हतंस का एकदा?"

थोडे दिवस म्हणाले होते, त्याला वर्ष होत आलं. दाजी आले नाहीत. पत्र नाही. अक्का शेतात जाते, भाकरी करते. माझ्याशी कामापुरतं बोलते. आईनं जुनं लुगडं वाकळ शिवायला तिच्यापुढं टाकलं तर तिनं घडी मोडली नाही. फेकलेलं काहीही उचलून त्याचं घर करणारी माझी बहीण आता कशालाच हात लावत नाही.

परवा आमच्या आळीत बारसं झालं. घरोघर बोलावणं फिरलं. आमच्या दारावरून बोलावणारी बाई न थांबता पुढं गेली. अक्का अंगणात भांडी घासत होती. तिनं मान वर केली, बघितलं, आणि पुन्हा खाली घातली.

तुमच्या आळीतही अशी एक बाई आहे. नाही म्हणू नका, तुम्हाला तिचं दार ठाऊक आहे, तुम्हीच ते चुकवून जाता. तिच्यावर पत्रक काढू नका, भाषण करू नका. आज जा, तिला तुमच्या घरी या म्हणा, आणि तुमचं लेकरू तिच्या मांडीवर द्या.