मेमरीची वाटणी

आमच्या आबांनी दोन मुलांत कॉम्प्युटरची अगदी सारखी वाटणी केली आणि दोन्ही कॉम्प्युटर बंद पडले. यात आबांचा दोष नाही. दोष माझा होता, पण तो कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

आबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. घरात त्यांचा एकच कायदा: जे येईल ते मला आणि धाकट्या विलासला सारखं. शर्टाचं कापड एकाच ताग्यातलं, चपला एकाच मापाच्या. (माझा पाय विलासपेक्षा मोठा आहे, हे त्यांनी शेवटपर्यंत मानलं नाही.) आम्ही दोघांनी राहात्यात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवून द्यायचा धंदा काढला आणि वर्षभरात भांडून वेगळे झालो, तेव्हा आबांनी टेप घेऊन गाळा मोजला आणि बरोबर मधोमध प्लायवूड ठोकलं. अलीकडे मी, पलीकडे तो. एक जुना कॉम्प्युटर मला, एक त्याला. आठ महिने आमचं बोलणं बंद होतं. (भांडणाचं कारण? पत्रिकेवर गणपती डाव्या कोपऱ्यात घ्यायचा की मधोमध. हसू नका, तेव्हा तो जिवाचा प्रश्न होता.)

अशात पाथर्डीला दिलेली आमची थोरली बहीण, मंगलताई, तिच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका मामांनीच करायची, आणि दोघांनी मिळून करायची, असं तिनं बजावलं. वरचा अर्धा मजकूर माझ्याकडे, खालचा विलासकडे, हा तोडगा अर्थात आबांचा. गुरुवारी व्याही प्रूफ बघायला येणार होते. पण आमचे जुने कॉम्प्युटर असे, की फाईल उघडेपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन, पान खाऊन परत यायचं. म्हणून आबांनी ठरवलं, डबे जुनेच ठेवायचे आणि आत दोघांनाही नवीन पेन्टियमचा मदरबोर्ड बसवायचा. त्यांच्या भाषेत, बॉडी तीच, इंजिन नवं.

खरेदीला आबांबरोबर जाणकार म्हणून पुण्याला मी गेलो. (कॉम्प्युटरचं एक मासिक मी एसटी स्टँडवर उभ्या उभ्या निम्मं वाचलं होतं.) दुकानदारानं दोन बोर्ड काढले, दोन प्रोसेसर काढले आणि सांगितलं, की तुमच्या जुन्या मेमरीच्या पट्ट्या यात चालणार नाहीत, त्या आखूड आहेत. आबांनी विचारलं, वेल्डिंग करून लांबी वाढत न्हाई का. दुकानदार नव्या लांब पट्ट्या काढत म्हणाला, "आता या बोर्डाला पट्ट्या घेताना..."

"माहीत आहे मला," मी म्हणालो.

"दोन पोरं, दोन पट्ट्या," आबा म्हणाले. "बास."

तो बिचारा काय सांगत होता, ते मी ऐकून घेतलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

मंगळवारी मी बोर्ड बसवला, प्रोसेसर बसवला, पट्टी खाचेत दाबली, नारळ फोडला आणि बटण दाबलं. पंखा फिरला. स्क्रीन काळाच, आणि आतून नुसतं टूं... टूं... टूं. आता हे पलीकडे ऐकू गेलं तर अब्रूच गेली! मी आधी आतल्या स्पीकरची वायर उपटली. मग प्रोसेसर तीनदा काढून तीनदा बसवला. ढिम्म. पलीकडेही सगळं शांत होतं, म्हणजे विलासचं चालू झालं असणार.

मग मला एक युक्ती सुचली. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचं एक बटण दाबून धरून तो चालू केला, की कॉम्प्युटरशिवाय तो आपला आपण चाचणी म्हणून एबीसीडी छापत सुटतो. तसा मी तो सोडला. कर्रर्र कर्रर्र! विलासला वाटू दे, दादा जोरात आहे. पाच मिनिटांत पलीकडेही प्रिंटर सुरू झाला. मी हादरलो आणि कागदाचा नवा गठ्ठा लावला. त्यानंही लावला. बुधवारी दुपारपर्यंत दोन्ही बाजूंनी अशी छपाई चालली होती, आणि बाहेर खुर्ची टाकून बसलेले आबा येणाऱ्याजाणाऱ्याला समाधानानं सांगत होते, की दोन्ही गाड्या लाईनीवर हायत.

बुधवारी मंगलताई आली. माझ्याकडचा कागद उचलून तिनं वाचला, पलीकडे गेली आणि विलासचाही गठ्ठा घेऊन परत आली.

"बाळू, हा कुठल्या परीक्षेचा अभ्यास रे?"

मला धरणी ठाव देईना. ताई स्टुलावर बसली आणि तिचे डोळेच भरले. उद्या व्याही येतील, दोन-दोन मामा असून एक पत्रिका होईना, मी तोंड कसं दाखवू, असं म्हणाली. तेव्हा मात्र मला खरोखर स्वतःची लाज वाटली.

इतक्यात विलासची बायको शोभा बोर्डाबरोबरचं पुस्तक घेऊन दारात आली. घरात ते वाचलेली ती एकटीच. तिनं चित्रावर बोट ठेवलं. या बोर्डात दोन पट्ट्या लावल्या तरच तो चालू होतो, एका पट्टीवर होतच नाही. आणि हे तिनं विलासला मंगळवारीच सांगितलं होतं! पण दुसरी पट्टी माझ्याकडे. माझ्याकडे मागण्यापेक्षा त्यानंही स्पीकरची वायर उपटून दीड दिवस एबीसीडी छापणं पसंत केलं. (भाऊ शोभतो.)

तिच्या मागून विलास आला. आठ महिन्यांनी माझ्या दारात. हातात रुमाल, रुमालात पट्टी.

"दादा, घे. तुझ्यात लाव."

मी म्हणालो, नको, तुझ्यातच लावू. तो म्हणे तुझ्यात, मी म्हणे तुझ्यात, आणि यावरून आमचं नव्यानं भांडण जुंपणार, तोच ताईनं दोन्ही पट्ट्या हिसकावून शोभाच्या हातात दिल्या. शोभानं त्या माझ्या बोर्डात बसवल्या. स्क्रीनवर भराभर आकडे चढले. एका स्टुलावर मी, एकावर विलास, अशी पत्रिका जुळली. गणपती मधोमध बसला. (विलासचं म्हणणं.)

फक्त कोरा कागद एकही उरला नव्हता. प्रूफ एबीसीडीच्या पाठीवर काढलं.

गुरुवारी व्याह्यांनी चष्मा लावून एकेक नाव वाचलं, मान डोलावली, आणि कागद उलटा केला.

"हे काय?"

मी विलासकडे बघितलं, विलासनं छताकडे. आबा शांतपणे म्हणाले, "आमच्या पोरांचा गृहपाठ हाय. एबीसीडीच्या पुढं गेली न्हाईत अजून, पर कालपासनं एका बाकावर बसत्यात."